विसावा सेवा आणि सरकारी निधी : दिव्यांग व्यक्तींच्या कुटुंबांसाठी कायद्यात काय आहे, हाती काय येते

घरातील दिव्यांग व्यक्तीची अहोरात्र देखभाल करणाऱ्या कुटुंबीयांना काही तास, काही दिवस किंवा काही आठवडे उसंत मिळावी म्हणून तेवढ्या काळापुरती ती जबाबदारी प्रशिक्षित व्यक्तीने अथवा संस्थेने स्वीकारणे, या व्यवस्थेस ‘रेस्पाइट केअर’ असे म्हणतात. मराठीत तिला विसावा सेवा किंवा अल्पकालीन देखभाल म्हणता येईल. भारतीय कायद्यात या सेवेचा नामोल्लेख १९९९ पासून आहे. भारताने २००७ मध्ये मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही तो आहे. प्रत्यक्षात या कामासाठी सरकारी तिजोरीतून येणारा पैसा अल्प असून तो मुख्यत्वे निवासी संस्थांच्या वाट्याला जातो. घरीच देखभाल करणाऱ्या कुटुंबाला त्यातून मोकळे तास क्वचितच मिळतात.

गरज कोणाची

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातील होत्या. या सर्वांनाच सतत देखभाल लागते असे नाही. अंध किंवा अस्थिव्यंग असलेल्या असंख्य व्यक्ती स्वतंत्रपणे राहतात आणि नोकरी-व्यवसाय करतात. विसावा सेवेचा प्रश्न प्रामुख्याने बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींच्या, तसेच अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या कुटुंबांपुढे उभा राहतो. जनगणनेत बौद्धिक अक्षमतेच्या वर्गात सुमारे १५ लाख आणि बहुविकलांगतेच्या वर्गात सुमारे २१ लाख व्यक्तींची नोंद झाली होती.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७६ वी फेरी जुलै ते डिसेंबर २०१८ या काळात झाली. तीत सुमारे ६२ टक्के दिव्यांग व्यक्तींना काळजीवाहक उपलब्ध असल्याचे आढळले. काळजीवाहकाची गरज असूनही तो न मिळालेल्यांचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. वरवर पाहता हे चित्र समाधानकारक वाटते. परंतु काळजीवाहक म्हणून ज्यांची गणना झाली त्या बहुतांशी घरातल्याच आया, बहिणी आणि पत्नी असतात. त्यांपैकी किती जणी वर्षानुवर्षे सलग रात्रभर झोपलेल्या नाहीत, हे या टक्केवारीतून कळत नाही.

गरज निर्माण होण्याचे प्रसंग साधे असतात. आईची शस्त्रक्रिया, सुनेचे बाळंतपण, गावाकडील मर्तिक, दुसऱ्या मुलाचे लग्न, वडिलांचे रुग्णालयात दाखल होणे. तीस वर्षांच्या, फिट्स येणाऱ्या, स्वतःच्या हाताने जेवू न शकणाऱ्या मुलाला अशा वेळी कोणाच्या हवाली करायचे, हा प्रश्न असतो. एकत्र कुटुंबात काकू, आत्या, आजी पाळीपाळीने बसत असत. दोन खोल्यांच्या शहरी घरात ती सोय उरलेली नाही. शेजारी तान्ह्या बाळाला तासभर सांभाळतात. प्रौढ माणसाला फिट आली तर काय करावे, या धास्तीने त्याची जबाबदारी घेण्यास ते धजावत नाहीत. प्रसंग नसतानाही गरज असतेच. आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळणे ही अनेक घरांत अप्राप्य गोष्ट आहे.

कायद्यातील तरतुदी

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींच्या कल्याणासाठी संसदेने १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास अधिनियम संमत केला. आपल्या पश्चात मुलाचे काय, या पालकांच्या चिंतेतून पुढे आलेल्या मागणीला हा प्रतिसाद होता. अधिनियमाच्या उद्दिष्टांत दोन वाक्ये प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. दिव्यांग व्यक्तीला स्वतःच्या कुटुंबातच राहता यावे यासाठीच्या सुविधा बळकट करणे, हे एक. आणि कुटुंबावर संकट ओढवले असता गरजेनुसार सेवा देणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना साह्य करणे, हे दुसरे. कलम ११ मध्ये न्यासाने ज्यांना अर्थसाह्य द्यावयाचे त्या ‘मान्यताप्राप्त कार्यक्रमां’ची यादी आहे. विसावा सेवा, प्रतिपालक कुटुंबाकडील देखभाल आणि दिवसभराची देखभाल यांचा त्यात एकत्र उल्लेख आढळतो. अर्थसाह्य देताना दिव्यांग स्त्रिया, तीव्र दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती आणि ज्येष्ठ नागरिक यांना प्राधान्य द्यावे, असेही त्याच कलमात म्हटले आहे.

त्यानंतर भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास मान्यता दिली. त्याच्या अनुच्छेद २८ नुसार, गरिबीत जगणाऱ्या दिव्यांग व्यक्ती व त्यांच्या कुटुंबांना दिव्यांगत्वामुळे येणाऱ्या खर्चासाठी सरकारी साह्य मिळाले पाहिजे. प्रशिक्षण, समुपदेशन, अर्थसाह्य आणि विसावा सेवा यांचा त्यात स्पष्ट समावेश आहे.

या कराराशी सुसंगत असा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. दिव्यांगत्वाचे २१ प्रकार त्यात समाविष्ट करण्यात आले. काळजीवाहकाच्या व्याख्येत मोबदला घेणारे आणि न घेणारे, आईवडिलांसह सर्व कुटुंबीय धरण्यात आले आहेत. सामाजिक सुरक्षेविषयीच्या कलम २४ मध्ये ‘उच्च आधाराची गरज’ असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. मात्र हे कलम ज्या शब्दांनी सुरू होते ते लक्षात घेण्याजोगे आहेत. संबंधित सरकारने आपली आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत योजना आखाव्यात, असा त्याचा आशय आहे. हक्काच्या कायद्यात शिरलेल्या या मर्यादेचा आधार घेऊन भत्त्याचा निर्णय पुढे ढकलणे राज्यांना सोपे जाते.

उच्च आधाराची गरज कोणाला आहे, हे ठरविण्यासाठी मूल्यांकन मंडळाची पद्धत केंद्राने मार्च २०१९ मध्ये नियमांद्वारे निश्चित केली. म्हणजे कायदा आल्यानंतर सुमारे सव्वादोन वर्षांनी भत्त्याची पहिली पायरी तयार झाली.

‘समर्थ’ योजना

राष्ट्रीय न्यासाने विसावा सेवेसाठी आखलेल्या योजनेचे नाव ‘समर्थ’ असे आहे. न्यासाने २४ नोव्हेंबर २०१५ रोजी दहा सुधारित योजना जाहीर केल्या, त्यांत समर्थचा समावेश होता. अनाथ, निराधार, संकटग्रस्त कुटुंबांतील, तसेच दारिद्र्यरेषेखालील व निम्न उत्पन्न गटातील दिव्यांग व्यक्तींना निवारा देणारी केंद्रे चालविण्यासाठी नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांना अनुदान, असे तिचे स्वरूप होते. प्रौढांच्या दीर्घकालीन निवासासाठी ‘घरौंदा’, दहा वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी ‘दिशा’, त्यापुढील वयोगटाच्या दिवसभराच्या देखभालीसाठी ‘विकास’ आणि काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठी ‘सहयोगी’ अशा योजनाही त्याच वेळी मांडण्यात आल्या. पुढे समर्थ व घरौंदा यांचे एकत्रीकरण करण्यात आले आणि दिशा व विकास यांचेही तसेच झाले.

या एकत्रीकरणात विसावा सेवेची मूळ अडचण दिसून येते. अल्पकालीन देखभाल आणि आयुष्यभराचा निवारा या वेगवेगळ्या गरजा आहेत. पहिल्या गरजेसाठी केंद्रात काही खाटा मुद्दाम रिकाम्या ठेवाव्या लागतात, कारण संकट पूर्वसूचना देऊन येत नाही. अनुदान मात्र दरमहा, दरडोई, प्रत्यक्ष राहणाऱ्या व्यक्तीमागे मिळते. रिकाम्या खाटेचे अनुदान नाही. तिचे भाडे, वीज आणि कर्मचाऱ्यांचा पगार मात्र चालूच राहतो. अशा स्थितीत ज्याला जाण्यास दुसरी जागा नाही अशा निराधार व्यक्तीला संस्थेने कायमचा प्रवेश दिला, तर त्यात गैर काही नाही. पण त्यानंतर दहा दिवसांसाठी मुलाला ठेवू इच्छिणाऱ्या आईला नकार मिळतो. संस्थांच्या सेवावृत्तीत खोट काढण्यापेक्षा अनुदानाच्या सूत्रात बदल करणे अधिक फलदायी ठरेल.

दिवसभराच्या देखभालीची ‘विकास’ योजना नावाने विसावा सेवा नसली तरी व्यवहारात तीच कुटुंबांना अधिक उपयोगी पडणारी आहे. केंद्र दिवसातून किमान सहा तास आणि महिन्यातून किमान २१ दिवस उघडे असावे, अशी अट तीत घालण्यात आली होती. रोजचे सहा तास म्हणजे आईला अर्धवेळ नोकरी किंवा घरगुती व्यवसाय करण्याइतका अवधी. कोविडच्या साथीत मार्च २०२० पासून ही केंद्रे बंद पडली, तेव्हा या तासांचे मोल अनेक घरांना कळून आले. केंद्रीय दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २६ मार्च २०२० रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. काळजीवाहकांना टाळेबंदीतून सूट द्यावी अथवा सुलभ पद्धतीने पास द्यावेत, असे त्यांत नमूद होते. पगारी मदतनीस ठेवणे ज्यांना परवडत होते त्यांना या सूचनेचा लाभ झाला.

निधीचा हिशेब

राष्ट्रीय न्यासाला केंद्र सरकारने एकरकमी १०० कोटी रुपयांचा कायम निधी दिला आणि त्याच्या उत्पन्नातून कार्य चालवावे, अशी मूळ कल्पना होती. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला सात कोटी रुपये होतात. जनगणनेतील बौद्धिक अक्षमतेच्या एकाच वर्गातील १५ लाख व्यक्तींमध्ये ते वाटले, तर प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला सुमारे ४७ रुपये येतात. शहरात मदतनीस बाईच्या एका तासाच्या मोबदल्यालाही ही रक्कम अपुरी आहे. अधिनियमात केंद्राकडून दरवर्षी अतिरिक्त रक्कम घेण्याचीही सोय आहे आणि योजना चालतात त्या मुख्यतः याच रकमेवर. म्हणूनच त्या अर्थसंकल्पातील चढउतारांशी बांधल्या गेल्या आहेत.

शिवाय अनुदान मिळण्यासाठी जिल्ह्यात न्यासाकडे नोंदणी केलेली, इमारत आणि कर्मचारी उभे करू शकणारी संस्था असावी लागते. देशातील अनेक जिल्ह्यांत अशी संस्थाच नाही. मोठ्या शहरांभोवती संस्था एकवटल्या आहेत. शंभर-दीडशे किलोमीटर अंतरावरील केंद्रात स्वमग्न मुलाला आठवडाभरासाठी नेऊन ठेवणे हे त्याला आणि कुटुंबाला विसावा देणारे ठरत नाही. नवी जागा, नवे आवाज, नवे जेवण यांनी तो बिथरण्याचीच शक्यता अधिक असते.

केंद्राचा दुसरा प्रवाह थेट निवृत्तिवेतनाचा आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ मध्ये सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या १८ ते ७९ वर्षांच्या व्यक्तीस केंद्राकडून दरमहा ३०० रुपये मिळतात. २०१२ पासून हा आकडा बदललेला नाही. दिव्यांगांसाठीचे साह्य इतरांच्या तत्सम योजनांहून किमान २५ टक्के अधिक असावे, असे २०१६ चा अधिनियम सांगतो. विधवा निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटाही ३०० रुपयेच आहे.

राज्यांचे वेगवेगळे मार्ग

राज्य सरकारे यात आपापली भर घालतात. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक साह्य १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. ही रक्कम दिव्यांग व्यक्तीच्या निर्वाहासाठी आहे. औषधे, डायपर आणि प्रवास यांतच ती संपते. मदतनीसाचा पगार त्यातून निघत नाही. राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. तो बहुधा वस्तूंच्या किंवा रोख मदतीच्या रूपाने वाटला जातो. याच पैशातून दोन-तीन ग्रामपंचायतींना मिळून एक दिवसकेंद्र चालविता येईल काय, याचा विचार व्हायला हवा.

केरळने नेमके तेच केले आहे. कुटुंबश्री अभियान आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या सहकार्याने तेथे २००४ पासून ‘बड्स’ शाळा उभ्या राहिल्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शाळा आणि १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी पुनर्वसन केंद्र, असे त्यांचे दोन प्रकार आहेत. राज्यात अशी तीनशेहून अधिक केंद्रे असून जागा, वाहन आणि पगार यांचा भार प्रामुख्याने पंचायती उचलतात. मूल सकाळी गाडीतून जाते आणि दुपारी परतते. तेवढा वेळ आईला मिळतो आणि मुलाचे घर तुटत नाही.

काळजीवाहकाला थेट पैसा देण्यातही केरळ पुढे आहे. तेथील ‘आश्वासकिरणम्’ योजना २०१० मध्ये सुरू झाली. अंथरुणाला खिळलेल्या अथवा तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला सांभाळण्यासाठी ज्यांना पूर्ण वेळ घरी राहावे लागते, त्यांना दरमहा ६०० रुपये देण्याची तीत तरतूद आहे. रक्कम लहान आहे आणि ती महिनोन्‌महिने थकल्याच्या तक्रारीही वारंवार झाल्या आहेत. तरीही सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव सरकारी यादीत स्वतंत्रपणे नोंदविले गेले, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

पगारी रजा : थोड्यांसाठीचा विसावा

सरकारी नोकरीत असलेल्या मातांना विसाव्याचा एक वेगळा प्रकार उपलब्ध आहे. केंद्रीय रजा नियमांतील नियम ४३-सी नुसार महिला कर्मचाऱ्यांना, तसेच एकल पुरुष पालकांना, संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. पहिल्या ३६५ दिवसांसाठी पूर्ण आणि पुढील ३६५ दिवसांसाठी ८० टक्के वेतन दिले जाते. एरवी मूल १८ वर्षांचे होईपर्यंतच ही रजा घेता येते. दिव्यांग अपत्याच्या बाबतीतील वयोमर्यादा २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या याचिकेची दखल घेताना या रजेचा संबंध स्त्रियांच्या नोकरीतील समान सहभागाच्या घटनात्मक तत्त्वाशी जोडला आणि दिव्यांग मुलांच्या मातांसाठी आपल्या धोरणाचा फेरविचार करण्याचे निर्देश त्या राज्याला दिले. शेतमजूर, घरकामगार किंवा खासगी दुकानात काम करणाऱ्या आईला अर्थातच यातले काहीही लागू नाही.

अन्य देशांतील सूत्रे

निधी कोणत्या सूत्राने द्यावा, याबाबत इतर देशांचे अनुभव उद्बोधक आहेत. जर्मनीत १९९५ पासून दीर्घकालीन देखभालीचा सक्तीचा विमा आहे. घरातील काळजीवाहक आजारी पडल्यास किंवा सुट्टीवर गेल्यास बदली व्यक्तीचा किंवा अल्पकालीन निवासाचा खर्च विमा उचलतो. दोहोंसाठी वेगवेगळ्या असलेल्या मर्यादा जुलै २०२५ पासून एकत्र करून वर्षाला ३,५३९ युरो अशी एकच मर्यादा ठरविण्यात आली. ती कशी वापरावी हे कुटुंब ठरविते. इंग्लंडमध्ये दिव्यांग मुलांच्या पालकांना अल्पविश्रांती मिळावी यासाठीचे नियम एप्रिल २०११ पासून लागू आहेत आणि आपल्या भागात कोणत्या सेवा मिळतील याचे निवेदन प्रसिद्ध करणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक आहे. अमेरिकेने २००६ मध्ये विसावा सेवेसाठी स्वतंत्र कायदा केला. या देशांची संपन्नता भारताकडे नाही, हे खरेच. पण पैसा खाटेमागे न देता कुटुंबामागे तासांच्या हिशेबाने देता येतो, हे सूत्र समजण्यास संपन्नता लागत नाही.

दिव्यांग व्यक्तींची बाजू

या विषयावर दिव्यांगांच्या हक्क चळवळीचा एक रास्त आक्षेप आहे. ‘ओझ्यातून सुटका’ अशा भाषेत विसाव्याची मांडणी झाली की दिव्यांग व्यक्ती हेच ओझे ठरते. तिच्या इच्छेविना तिला अनोळखी जागी ठेवणे हे २०१६ च्या अधिनियमातील कलम ५ च्या विरोधात जाते. कोणालाही विशिष्ट ठिकाणीच राहण्यास भाग पाडले जाऊ नये आणि समाजात राहण्यासाठी व्यक्तिगत साहाय्यकासह आवश्यक सेवा मिळाव्यात, असे ते कलम सांगते. घरी येणारा साहाय्यक आणि जवळचे दिवसकेंद्र या दोन पर्यायांत हा विरोध बराचसा मिटतो. आईला उसंत मिळते आणि मुलालाही आईखेरीज अन्य माणसांची सवय होते. आईच्या पश्चात हीच सवय त्याच्या उपयोगी पडते.

साहाय्यक घडविण्यासाठी ‘सहयोगी’ योजनेत प्रशिक्षणाची सोय करण्यात आली. प्रशिक्षित साहाय्यकाचे वेतन कोणी द्यायचे, हा प्रश्न मात्र कुटुंबावरच सोडलेला आहे. त्यामुळे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्ती ज्यांना पैसे देणे शक्य आहे अशाच घरांत जातात.

कुटुंबांनी काय करावे

राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थांची राज्यवार यादी न्यासाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असते. योजनांच्या लाभासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढून ठेवणे इष्ट आहे. न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय असून त्यात नियमित थेरपीचाही समावेश होतो.

१८ वर्षांवरील मुलाबाबत एक गोष्ट बहुतेक पालकांच्या ध्यानात उशिरा येते. मूल सज्ञान झाले की कायद्याच्या दृष्टीने आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. अल्पकालीन प्रवेशाच्या वेळी संमतिपत्रावर सही कोणी करायची, हा मुद्दा तेव्हा उपस्थित होतो. राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या कलम १३ नुसार जिल्हास्तरावर स्थानिक स्तर समिती असते. जिल्हा दंडाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे सदस्य असतात. कायदेशीर पालकत्वासाठी आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था या समितीकडे अर्ज करू शकतात. अर्जाची चौकशी होऊन आदेश निघण्यास वेळ लागतो. रुग्णालयात दाखल होण्याची तारीख ठरल्यानंतर तो करून उपयोग होत नाही.